गिरगाव, गुलाल आणि मी

चर्नी रोड स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की दोन मुंबया दिसतात. एका बाजूला समुद्र, चौपाटी, भेळ आणि हातात हात घालून बसलेली कपल्स. दुसऱ्या बाजूला गिरगाव. आम्ही गिरगावकर समुद्राकडे फक्त पाहुणे आले की जातो. एरवी पूल उतरायचा, पूर्वेकडे वळायचं आणि नाकाने रस्ता शोधत घर गाठायचं. आधी बटाटेवड्याचा वास, मग उदबत्त्यांचा, मग जुन्या लाकडी जिन्याचा. पण 23 फेब्रुवारी 2017 च्या संध्याकाळी तिथे एकच वास होता, फटाक्यांच्या दारूचा. आणि खाली रस्ता गुलालाने माखलेला.

त्या दिवशी मुंबई महापालिकेचा निकाल होता. तुम्ही म्हणाल, वीकेंड कुठे घालवायचा हे सांगणाऱ्या पानावर महापालिका कुठून आली? खरं सांगू, तेव्हा मलाही असंच वाटायचं. कॉर्पोरेशन म्हणजे खड्डे, कॉर्पोरेशन म्हणजे आज पाणी येणार नाही, आणि कॉर्पोरेशनची निवडणूक म्हणजे एक एक्स्ट्रा सुट्टी! ही गोष्ट त्या सुट्टीचीच आहे. आणि ती सुट्टी मला किती महागात पडली, त्याची.

चार दिवस, तीन मैत्रिणी, शून्य मत

मी तेव्हा सत्तावीसची. लोअर परळच्या एका जाहिरात एजन्सीत कॉपीरायटर. अंधेरीत एका पुणेकर मैत्रिणीबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचे, पण मतदार यादीत नाव गिरगावच्या चाळीतलंच. मतदान होतं मंगळवारी, 21 तारखेला. आता हिशोब बघा. शनिवार-रविवार सुट्टी, मंगळवारी मतदानाची सुट्टी. मधल्या सोमवारी रजा टाकली की चार दिवस! असा योग सोडणारी नोकरदार मुलगी अजून जन्माला यायची आहे. शुक्रवारी रात्री आम्ही तिघी कोकण रेल्वेने कुडाळला आणि तिथून तारकर्लीला.

निघताना आईचा फोन आला.

"मंगळवारी मतदान आहे ना गं?"

"आई, माझ्या एका मताने काय होणार आहे?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी तर ते जन्मात विसरणार नाही.

मंगळवारी सकाळपासून फेसबुकवर सगळ्यांची शाई लावलेली बोटं. मी सुरमईच्या थाळीचा फोटो टाकला. लाइक्स त्याला जास्त आले. त्या वर्षी मुंबईत सुमारे 55 टक्के मतदान झालं. 2012 मध्ये ते 45 टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे एरवी आळशी म्हणून शिव्या खाणारे मुंबईकर त्या मंगळवारी चक्क उठून रांगेत उभे राहिले होते. मी समुद्रात स्नॉर्केलिंग करत होते.

ऑफिसातली मॅच

गुरुवारी निकाल. कॉन्फरन्स रूममधला टीव्ही सकाळी दहालाच सुरू. बॉसने आधी "काम करा रे" म्हणून बघितलं, मग स्वतःच खुर्ची ओढून बसला. मॅचच होती ती! एकूण 227 जागा, बहुमताला 114. राज्याच्या सरकारात एकत्र असलेले शिवसेना आणि भाजप मुंबईत समोरासमोर. सकाळी शिवसेना सुसाट पुढे. दादरला सेना भवनासमोर ढोल. जेवणाच्या वेळेपर्यंत भाजपने अंतर कापत आणलं, तसे इकडे काहींचे चेहरे खुलले आणि काहींनी डबे बंद केले.

कोण म्हणत होतं, "मुंबई शेवटी मराठी माणसाचीच." कोण म्हणत होतं, "आता तरी खड्डे भरतील." अकाउंट्सवाल्याने पाचशेची पैज लावली होती. सगळ्यात जोरात एक्स्पर्ट कमेंट देणाऱ्याच्या बोटाकडे माझं सहज लक्ष गेलं. कोरं! मग मला चाळाच लागला. टेबलाभोवती आम्ही अकरा जण. शाई चार बोटांवर. बाकी सात जण लोकशाहीवर चर्चा करत होते. त्यात मीही.

त्या दिवशी राज्यातल्या दहा महापालिकांचे निकाल लागत होते. रूममेटचे पुण्याहून मेसेजवर मेसेज. तिथे भाजपने 162 पैकी 98 जागा घेतल्या होत्या, आणि पुढे काही दिवसांनी हरलेल्या उमेदवारांनी ईव्हीएमची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. पुणेकर निषेधसुद्धा विधिवत करतात!

दुपारनंतर मुंबईचे आकडे थांबले. शिवसेना 84, भाजप 81, काँग्रेस 31. आणि एक जागा अडकलेली. टीव्हीवर पट्टी फिरायला लागली : प्रभाग क्रमांक 220, गिरगाव. शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना 5,946 मतं. भाजपचे अतुल शहा यांना 5,946 मतं.

मी पट्टी परत येईपर्यंत थांबले. वाचायला चुकलं असेल म्हणून. चुकलं नव्हतं. मतं पुन्हा मोजली, तरी बरोबरीच. मग नियमाप्रमाणे चिठ्ठी टाकली. मराठी पेपरवाले तिला फार सुंदर नाव देतात, ईश्वरचिठ्ठी. ती निघाली शहांची. भाजप 82.

"अगं, हा तुझा एरिया ना? सही!" शेजारचा व्हिज्युअलायझर ओरडला. "तू कुणाला दिलंस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात टेबलाखाली घेतले.

दोन गल्ल्या, दोन आवाज

लोअर परळ ते चर्नी रोड, मध्ये फक्त तीन स्टेशनं. एरवी एक गाणं संपायच्या आत येतात. त्या दिवशी संपता संपेनात. आईला फोन केला नाही. काय सांगणार होते?

ज्यांनी गिरगाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हे काही एका रंगाचं गाव नाही. ठाकूरद्वाराकडे मराठी चाळी. आजोबांच्या काळातल्या, लाकडी कठड्यांच्या, प्रत्येक दारासमोर चपला आणि तुळस. सी. पी. टँककडे सरकलात की माधवबाग, पांजरापोळातल्या गाई, आणि भाषा गुजराती, मारवाडी होत जाते. पुढे भुलेश्वर, बांगड्या, लेस, स्टीलची भांडी. मध्येच खोताची वाडी, जिथली ईस्ट इंडियन कुटुंबांची लाकडी घरं बघायला परदेशी लोक कॅमेरे घेऊन येतात. सगळं पायी पंधरा-वीस मिनिटांत. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती 1893 मध्ये इथल्याच केशवजी नाईक चाळीत बसला. त्यामुळे मिरवणूक कशी काढायची हे गिरगावकराला कुणी शिकवावं लागत नाही. गुलाल, बेंजो, ताशा, पाच मिनिटांत सगळं हजर!

पण त्या संध्याकाळची मिरवणूक वेगळी होती. एका गल्लीत बेंजो वाजतोय, पोरं नाचतायत, पेढे वाटतायत, मला ओळखणाऱ्या एकाने कपाळाला गुलालही लावला. आणि वळण घेतलं की पुढची गल्ली गप्प. तिथेही गुलालाची पोती होती, बांधलेलीच. ढोलवाले पाठीला ढोल लावून भिंतीशी उकिडवे बसलेले. त्यांना बिदागी मिळणार की नाही, एवढीच त्यांची काळजी. एक कार्यकर्ता दुसऱ्याला सांगत होता, "पडलो असतो तर चाललं असतं रे. पण हे काय? ना पडलो, ना निवडून आलो."

मला ते पटलं. हजार मतांनी हरलं की माणूस उमेदवाराला शिव्या देतो, पक्षाला देतो, मशीनला देतो आणि झोपतो. बरोबरीत हरला की काय करायचं? मग त्याला एकेक दार आठवतं. कुठल्या दारावर टकटक करायची राहिली, कोण "येतो" म्हणून आलं नाही, कोण गावाला गेलं होतं.

चाळीच्या तोंडाशी घोळका होता. आमच्याकडे निकाल टीव्हीवर बघतात, पण लावतात इथेच, नळाजवळ. पहिल्या मजल्यावरचे काका तावातावाने बोलत होते. "बघा, शेवटी शहाच आला! आता गिरगावात आपलं काय राहिलं?"

तळमजल्यावर माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान आहे. गुजराती, पण तीन पिढ्या इथल्याच. ते शटर अर्धं ओढून उभे होते. ऐकत होते. मग शांतपणे मराठीतच म्हणाले, "काका, तुमच्या मुंजीची भांडी माझ्या वडिलांनी दिली होती. आता माझं इथे काय राहिलं, तेही तुम्हीच सांगा."

कोणी काही बोललं नाही. काकांनी चष्मा काढून पुसला. रस्त्याच्या पलीकडून जिंकलेल्या बाजूची दोन पोरं काहीतरी टोमणा मारत गेली, तेव्हा दुकानातले काका त्यांच्यावर डाफरले, "ए, पुढे व्हा!" आणि शटर पूर्ण वर केलं. दुकान त्या दिवशी साडेनऊपर्यंत उघडं होतं.

नंतर मैत्रिणीने मला सांगितलं, "पेपरवाले आडनावं बघून मतं मोजतात. पप्पांनी मत कुणाला दिलं माहीत आहे? ज्याने गेल्या पावसाळ्यात आपल्या गटाराचं झाकण बसवून दिलं, त्याला." तो कोण, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चाळीत सगळं विचारतात, एवढं नाही विचारत.

खुर्चीतल्या आजी

घरात शिरले तर आई चहाच गाळत होती. निकालाबद्दल चकार शब्द नाही. कप पुढे केला तेव्हा तिच्या बोटावरची शाई बरोबर माझ्या नजरेसमोर. मुद्दाम होतं की सहज, देव जाणे. आया असं काही मुद्दाम करत नाहीत, त्यांना ते जमतंच.

"तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आल्या होत्या मतदानाला," ती म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तेव्हा अठ्ठ्याऐंशीच्या. गुडघ्यांनी कधीच संप पुकारलेला. वर्षातून दोनदा खाली यायच्या, गणपतीच्या आरतीला आणि डॉक्टरकडे. मंगळवारी चार पोरांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं. आमचा जिना म्हणजे एक माणूस उतरत असला की दुसऱ्याने भिंतीला चिकटून उभं राहायचं. तिथून खुर्ची! आणि ऐका, त्या चौघांतले दोघे एका पक्षाचे होते आणि दोघे दुसऱ्या. खाली उतरल्यावर आजींनी चौघांनाही सांगितलं, "कुणाला देणार ते विचारू नका. खुर्ची मात्र चौघांनीच परत वर न्यायची."

मी कप खाली ठेवला. चहा गिळेना.

बाबा कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेले. कलम, पोटकलम हे त्यांचं वरण-भात. त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि कोर्टात सांगावं तसं सांगितलं, "चिठ्ठी म्हणजे लॉटरी असं समजू नकोस. 1888 चा कायदा आहे महापालिकेचा. मतं समसमान पडली की एक जादा मत कुणाला तरी मिळालं असं धरायचं. ते कुणाला, हे चिठ्ठी ठरवते."

"म्हणजे?"

"म्हणजे शहा चिठ्ठीने नाही निवडून आले. एका मताने आले. फक्त ते मत कुणी दिलेलं नाही."

ते एवढंच म्हणाले आणि परत पेपर वाचायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी अंधेरीला गेले नाही. गॅलरीत बसून राहिले. कायद्याने एक रिकामं मत ठेवलं होतं आणि ते चिठ्ठीने भरलं. ते माझं असू शकलं असतं. मी कुणाला दिलं असतं हे इथे लिहिणार नाही, लिहायची गरजही नाही. याला दिलं असतं तरी चिठ्ठी निघाली नसती, त्याला दिलं असतं तरी नसती. कुणीतरी एक जण सरळ, माणसांच्या मतांनी निवडून आला असता. आणि दुसऱ्या गल्लीतल्या त्या कार्यकर्त्याला निदान हरायला तरी मिळालं असतं.

अर्थात, माझ्यासारखे शेकडो होते. त्या दिवशी गिरगावात प्रत्येक न गेलेला माणूस मनातल्या मनात तोच एक होता. राजस्थानात 2008 मध्ये सी. पी. जोशी एका मताने विधानसभा हरले होते, तो किस्सा मी ऑफिसात दहा वेळा सांगितला असेल, जोक म्हणून. आता परत कधी सांगितला नाही.

बाबुलनाथची रांग

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. गिरगावकराची महाशिवरात्र म्हणजे बाबुलनाथ. चौपाटीजवळच्या त्या टेकडीवरच्या देवळासाठी पहाटेपासून रांग. आईने मला साडेचारला उठवलं, प्रायश्चित्त असावं. हातात बेलाची पुडी, डोळ्यांत झोप.

रांगेत पुढे बघते तर कालच्या दोन्ही गल्ल्या हजर! कपाळावरचा गुलाल नीट न निघालेले आणि गुलालाची पोती न उघडलेले, एकामागे एक. खुर्ची उचलणारे चौघेही होते. पहिला दुसऱ्याला म्हणाला, "काय रे, देवाकडे रिकाउंटिंग मागायला आलास?" दुसरा म्हणाला, "नाही. चिठ्ठी त्यानेच काढली ना, विचारायला आलोय." दोघंही हसले. पण दुसऱ्याचं हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही, ते मी पाहिलं. खाली आल्यावर चौघांनी एकाच टपरीवर चहा घेतला आणि पैसे जिंकलेल्यांनी दिले. बस, एवढंच. गळाभेट वगैरे सिनेमात होते.

टीव्हीवर निकालाची जी प्रतिक्रिया दिसते ती पहिल्या सहा तासांची असते. ढोल, पेढे, "हा जनतेचा विजय आहे". खरी प्रतिक्रिया दुसऱ्या सकाळी सुरू होते. जिन्यात कोण कुणाला वाट देतं, दुकानात कोण उधारी ठेवतं, नळाजवळ कोण आधी बोलतं. ती कुठल्याच चॅनलवर येत नाही, कारण ती बघायला तिथे राहावं लागतं.

महापौर कोण, याने काय होतं?

पुढचे दोन आठवडे शहरात एकच गेम, महापौर कुणाचा? 84 आणि 82. अपक्षांचे भाव वधारले, व्हॉट्सअ‍ॅपवर जोक्सचा पाऊस. मग 4 मार्चला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी जाहीर केलं की भाजप महापौरपद लढवणार नाही, पहारेकऱ्याचं काम करील. 8 मार्चला शिवसेनेचे विश्वनाथ महाडेश्वर महापौर झाले. गिरगावात पुन्हा फटाके, या वेळी दुसऱ्या गल्लीत. ढोलवाल्यांना बिदागी मिळाली असणार.

मी बाबांना विचारलं, महापौर नक्की करतो काय? ते म्हणाले, "सभागृह चालवतो आणि शहराचा पहिला नागरिक म्हणून मिरवतो. सही आयुक्तांची चालते." हे खरंच आहे. मुंबईत प्रशासनाचे अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौराची मुदत अडीच वर्षं. पद कुठल्या प्रवर्गासाठी राखीव असेल, ते सोडतीने ठरतं. म्हणजे तिथेही चिठ्ठीच!

मग एवढा गुलाल कशासाठी? मला वाटतं, महापौरासाठी नव्हेच. गुलाल असतो तो "हे शहर आपलं आहे" हे कुणीतरी एकदा मोठ्याने म्हणावं यासाठी. आणि आमच्या गल्लीला त्याच्याशीही देणंघेणं नव्हतं. तिला हवा होता एक माणूस, ज्याला रात्री दहा वाजता फोन करून सांगता येईल, "साहेब, पाणी आलं नाही."

हे किती खरं आहे ते कळायला पाच वर्षं लागली. 7 मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली. निवडणूक लांबली. आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट. जवळजवळ चार वर्षं मुंबईला ना महापौर होता ना एकही नगरसेवक. सगळा कारभार प्रशासकाकडे. 2025-26 चं बजेट होतं 74,427 कोटींचं, आणि त्यावर प्रश्न विचारायला सभागृहात एकही माणूस नाही. बाबा म्हणायचे, "पूर्वी नगरसेवकाशी भांडायचो. आता भांडायलाही कुणी नाही." नळाजवळचे पहिल्या मजल्यावरचे काका आणि भांड्यांच्या दुकानातले काका तेव्हा एकत्र वॉर्ड ऑफिसला चकरा मारायचे. एकाची फाइल, दुसऱ्याची स्कूटर.

नऊ वर्षांनी

अखेर 15 जानेवारी 2026. गुरुवार, संक्रांतीचा दुसरा दिवस. मी आता छत्तिसाची, दोन एजन्स्या बदलून झाल्या, केसांना मेंदी लावते. ऑफिसातल्या नव्या मुलींचा प्लॅन ठरत होता. शुक्रवारी रजा टाकली की परत चार दिवस! मला विचारलं, "मॅम, काशिदला येणार?" मी म्हटलं, "गिरगावला चाललेय." त्या हसल्या. त्यांना तारकर्लीची गोष्ट सांगितली. दोघी थांबल्या, तिसरी गेली. चालायचंच.

पहाटे मेट्रोने आले. ऑक्टोबर 2025 पासून गिरगावला स्वतःचं भुयारी स्टेशन आहे. सरकत्या जिन्याने वर आले तर कुठला वासच नाही, एकदम गल्लीच्या तोंडाशी! चुकल्याचुकल्यासारखं झालं. केंद्रावर सातला रांगेत. त्या दिवशी मार्कर पेनने लावलेली शाई पुसली जाते म्हणून शहरभर गदारोळ झाला. माझी मी पुसून बघितली नाही. मला ती हवी होती.

16 तारखेचा निकाल मात्र मी चाळीतच पाहिला. राज आणि उद्धव ठाकरे एकत्र आलेले, शिवसेना दोन झालेल्या. भाजप 89, ठाकरेंची शिवसेना 65, शिंदेंची 29, काँग्रेस 24. नळाजवळ पुन्हा घोळका. आनंद, राग, "मुंबई गेली", "मुंबई सुटली", सगळं तसंच, तेवढ्याच आवाजात. जानेवारीच्या सोडतीत महापौरपद महिलेसाठी निघालं आणि फेब्रुवारीत भाजपच्या रितू तावडे महापौर झाल्या. पेढे वाटणारी गल्ली आणि गप्प बसलेली गल्ली, दोन्ही याही वेळी होत्या. कुठली कुठली ते सांगत बसत नाही, तुम्ही ओळखालच.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आता नाहीत. खुर्ची आहे, जिन्याखाली. निकालाच्या रात्री ती बाहेर काढून बाबा तिच्यावर बसले होते, कारण आता त्यांचे गुडघे बोलायला लागलेत. भांड्यांच्या दुकानातल्या काकांनी सगळ्यांना चहा सांगितला. कुणीतरी आकडे वाचत होतं, कोण किती मतांनी पडला.

बाबांनी माझ्या हाताकडे बघितलं. बोटावर पुसट झालेली शाई होती.

"उशीर झाला," मी म्हटलं. "नऊ वर्षं."

"मतदान केंद्र साडेपाचला बंद होतं," बाबा म्हणाले. "तू सातला गेलीस ना? मग वेळेवर गेलीस."

गिरगावात चक्कर मारायची असेल तर...

कसं जाल : पश्चिम रेल्वेचं चर्नी रोड किंवा अ‍ॅक्वा लाइन मेट्रोचं गिरगाव स्टेशन. पुढे फक्त पाय. गाडी आणलीत तर पार्किंग शोधण्यात वीकेंड जाईल.

काय खाल : फणसवाडीच्या कोपऱ्यावर विनय हेल्थ होमची मिसळ. रविवारी सकाळी रांग लावायची तयारी ठेवा.

काय बघाल : खोताची वाडी, पण दबक्या पावलांनी. तिथे लोक राहतात. केशवजी नाईक चाळीचा गणपती, माधवबाग, आणि भुलेश्वरचा बाजार.

कधी जाल : गणपतीत, पाडव्याच्या शोभायात्रेला, किंवा महापालिकेच्या निकालाच्या दिवशी. शेवटच्या पर्यायासाठी एक अट. आधी मतदान करून या.